झारा बुडवला की रस उडतो, नमुन्यात छिद्रं येतात: अॅल्युमिनिअमच्या भट्टीवर आधी काय तपासायचं

कुर्ला, साकीनाका, धारावी, भांडुप या पट्ट्यात गाळ्यात मूस-भट्टी लावून अॅल्युमिनिअम ओतणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. दर पावसाळ्यात एकाच तक्रारीसाठी मला बोलावतात आणि बहुतेक वेळा दोष रसात, म्हणजे वितळलेल्या धातूत, नसतो, झाऱ्यात किंवा पळीत असतो. तोवर मालकाने फ्लक्स (रसावरचा मैल सुटा करायला टाकतात तो क्षार) बदललेला असतो, भंगारवाल्याशी भांडण झालेलं असतं आणि लॅबवरचा विश्वास उडालेला असतो.

लक्षणं

झारा किंवा पळी रसात घातली की तडतड होते, ठिणग्या उडतात, कधी फट्‌ आवाज होऊन मूठभर रस बाहेर येतो. हे पाळीच्या पहिल्या बुडीला, जेवणाच्या सुट्टीनंतर आणि सोमवारी सकाळी जास्त होतं. जुलै-ऑगस्टमध्ये तर रोजच.

पळीला रसाचं कवच चिकटतं. ठोकून काढलं तरी थोडं राहतं आणि पुढच्या वेळी त्यावर आणखी चढतं.

लॅबमधून नमुना परत येतो. बटणाचा, म्हणजे ओतलेल्या छोट्या नमुन्याचा, तोंडाकडचा भाग लेथवर घेतला की बारीक छिद्रं दिसतात आणि स्पेक्ट्रोची, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राची, ठिणगी नीट बसत नाही. किंवा एकाच मुशीतल्या दोन नमुन्यांचे आकडे जुळत नाहीत.

माल तोच असताना अहवालात लोहाचं प्रमाण हळूहळू वर जातं.

रसावरून काढलेला मैल, म्हणजे ड्रॉस, जड आणि चकचकीत असतो. मैलाच्या पिंपाजवळ नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो.

यातलं पहिलं लक्षण दिसत असेल तर बाकीची वाचत बसू नका. अवजारं रसातून बाहेर काढा, हेल्परला मुशीच्या तोंडापासून दूर करा आणि खालची पहिली तपासणी झाल्याशिवाय कोणालाही काही बुडवू देऊ नका.

पहिली तपासणी, फुकटची: अवजार खरंच कोरडं आहे का

डोळ्यांना कोरडं दिसणं पुरेसं नाही. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १६०० पट जागा मागतं. रसाच्या पृष्ठभागावर पडलेला थेंब बऱ्याचदा नाचून उडून जातो. ते पाहिलेला माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. झारा किंवा पळी तेच पाणी रसाच्या खाली घेऊन जाते. तिथे वाफेला बाहेर पडायला वाट नसते, मग ती वरचा रस उचलून फेकते. ७२० अंशांचा रस तोंडावर येतो तो असा.

म्हणून प्रत्येक बुडीच्या आधी अवजाराचं डोकं मुशीच्या तोंडावर, रसाला न लावता, धरा. उलटंपालटं करत तापवा, एकदम ज्वाळेत खुपसू नका. २०० अंशांच्या वर ते काही मिनिटं राहिलं पाहिजे. हाताने अंदाज घेऊ नका. तापमान दाखवणारी खडूसारखी कांडी बाजारात मिळते, ती अवजारावर ओढली की ठरलेल्या तापमानाला वितळते. एक कांडी बरेच दिवस जाते. मी प्रत्येक भट्टीवाल्याला ती घ्यायला लावतो.

अवजारं ठेवता कुठे तेही बघा. जमिनीवर, भिंतीला टेकून, पत्र्याच्या गळतीखाली ठेवली असतील तर रोज तापवूनही रोज तोच त्रास होईल. भट्टीच्या अंगाला, पण वाटेत न येणारा, लोखंडी स्टँड करा आणि डोकी वर करून ठेवा. गाळ्यात पाणी शिरून गेलं असेल तर अवजारांबरोबर इनगॉटचे (धातूच्या लगडींचे) साचे, नमुन्याचा साचा आणि भट्टीभोवतीची वाळूसुद्धा ओली धरून चाला. काँक्रीटच्या लादीवर रस सांडला तर लादीतलं पाणीसुद्धा तसंच फुटतं, म्हणून तिथे कोरड्या वाळूचा थर हवाच.

दुसरी, जवळपास फुकटची: झाऱ्यावरचं मीठ

ही तपासणी बहुतेक जण करतच नाहीत. माझ्या पाहण्यात पावसाळ्यातल्या तक्रारींचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आपण मैल सुटा करायला जो फ्लक्स टाकतो, त्यात मुख्यतः सोडिअम क्लोराइड आणि पोटॅशिअम क्लोराइड असतं, म्हणजे क्षारच. मैल काढताना हा वितळलेला क्षार झाऱ्याला, त्याच्या भोकांना आणि दांड्याच्या जोडाला चिकटतो आणि गार झाला की पांढरट-करड्या पापुद्र्यासारखा बसतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. पोटॅशिअम क्लोराइडला त्यासाठी ८४ टक्के लागतात. दोन्ही एकत्र असले की मिश्रण त्याहून कमी आर्द्रतेत ओलं होतं आणि फ्लक्समध्ये मॅग्नेशिअम क्लोराइड असेल तर ते कोरड्या दिवसातही पाणी धरतं. मुंबईत पावसाळ्यात ८० टक्क्यांच्या वरची हवा ही रोजची गोष्ट आहे. घरातली मिठाची बरणी जुलैत पाझरते ना, तोच प्रकार झाऱ्यावर चालू असतो.

म्हणजे सकाळी तापवून कोरडा केलेला झारा दुपारी स्टँडवर नुसता असताना पुन्हा ओला होतो. जेवणाच्या सुट्टीनंतरच का तडतडतं, याचं उत्तर इथे आहे. भट्टीवाला म्हणतो, "सकाळीच तापवला होता की." तो खरं बोलत असतो.

उपाय साधा आहे. मैल काढून झाला की झारा कोमट होईपर्यंत थांबा, छिन्नीने आणि वायर ब्रशने क्षार झाडा, भोकं सळईने मोकळी करा. हे रोज, पाळी संपताना. वायर ब्रश, जाड चामडी हातमोजे नागदेवीला मिळतात, खर्च किरकोळ आहे. जुना घट्ट बसलेला पापुद्रा निघत नसेल तर गरम पाण्यात बुडवून विरघळवता येतो, पण ते अवजार त्या दिवशी पुन्हा वापरायचं नाही. भट्टीजवळ रात्रभर सुकवायचं, गंज घासायचा, नवा पोचारा, म्हणजे लोखंडावरचा संरक्षक लेप, द्यायचा आणि तापवून मगच रसात.

फ्लक्सची पिशवी उघडी ठेवू नका. झाकणाच्या पिंपात ठेवा. गोळे झालेला फ्लक्स रसात गेला की तो नुसता उडत नाही, रसात हायड्रोजनही सोडतो. काढलेला मैलही छताखाली कोरड्या लोखंडी पिंपात हवा. मैलातलं अॅल्युमिनिअम नायट्राइड पाण्याशी मिळून अमोनिया देतं. वास आला की समजा, मैल भिजला आहे. असा मैल भट्टीत परत घालायचा नाही.

तिसरी: पोचारा

उघडं लोखंड अॅल्युमिनिअमच्या रसात गेलं की दोन नुकसानं होतात. रस त्याला चिकटतो आणि लोखंड हळूहळू रसात विरघळतं. शिवाय गंज असेल तर धोका वेगळाच. गंजात पाणी बांधलेलं असतं आणि लोखंडाचा ऑक्साइड अॅल्युमिनिअमशी जोरदार उष्णता काढत भिडतो. समुद्राची खारी हवा घासलेल्या लोखंडाला एका रात्रीत तांबूस करते, म्हणून "नवाच झारा आहे" या बोलण्याला मी किंमत देत नाही.

बोरॉन नायट्राइडचा किंवा झिरकॉनचा तयार पोचारा उत्तम, पण महाग. छोट्या गाळ्यात खडूची पूड आणि थोडा सोडिअम सिलिकेट पाण्यात कालवून देतात, तोही नीट दिला तर काम करतो. नीट म्हणजे कसं, तर आधी लोखंड घासून स्वच्छ करायचं. मग ते पाणी लगेच सुकेल इतकं तापवायचं. ब्रशने पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचा, दुसरा पातळ हात द्यायचा. शेवटी हळूहळू २०० अंशांच्या वर नेऊन भाजायचं.

एकाच वेळी जाड लेप थापणं ही नेहमीची चूक. वरचा थर सुकतो, आतला ओला राहतो आणि रसात गेल्यावर पापुद्रा फुटून उडतो. माणसं म्हणतात, पोचारा दिल्यापासून जास्त तडतडतं. तडतडणारच, कारण पाणी त्यांनी लेपाखाली कोंडलेलं असतं.

पळीला चिकटलेलं कवच याच कारणाने घातक आहे. कवच आणि लोखंड यांच्यामध्ये फट राहते, तिथे ओल आणि क्षार दोन्ही बसतात. कवच पूर्ण निघाल्याशिवाय पळी पुन्हा बुडवू नका. आणि पळी गार असेल तर कवच धरणारच, पोचारा कितीही चांगला असो.

चौथी: नमुना घेण्याची रीत

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तरी नमुन्यात छिद्रं येत असतील, तर रसाला दोष देण्याआधी एक स्वस्त चाचणी करा. एकाच मुशीतून, थोड्याच वेळाच्या अंतराने दोन नमुने घ्या. एक नेहमीच्या सवयीने. दुसरा घासलेल्या, पोचारा दिलेल्या, तापवलेल्या पळीने आणि तापवून कोरड्या केलेल्या साच्यात. दोन्ही कापून शेजारी ठेवा. दुसरा घट्ट निघाला तर दोष अवजारात आहे. दोन्हींत सारखी छिद्रं असतील तर रसातच वायू आहे, मग सातव्या तपासणीकडे जा.

ही चाचणी इतकं स्पष्ट का सांगते? वितळलेल्या अॅल्युमिनिअममध्ये लक्षात घेण्याइतका विरघळणारा वायू एकच, हायड्रोजन. रस गोठताना त्याची विद्राव्यता जवळपास विसाव्या हिश्श्यावर येते आणि बाहेर पडू न शकलेला वायू छिद्रं करतो. ओल्या पळीतल्या पाण्याला अॅल्युमिनिअम फोडतं, ऑक्सिजन स्वतःकडे ठेवतं आणि हायड्रोजन रसात सोडतं. म्हणजे ओल्या पळीने घेतलेला नमुना मुशीचा हिशेब देत नाही, पळीचा देतो.

नमुना घेताना पळीच्या पाठीने मैल बाजूला सारा, मग पळी आत घाला. वरची साय पळीत आली तर ऑक्साइडचे पापुद्रे नमुन्यात जातात. रस आधी हलक्या हाताने, तळापासून, पण भोवरा न करता ढवळा. एडीसी-१२ सारख्या मिश्रधातूत रस थंड पडला की लोह, मँगनीज आणि क्रोमिअमचे जड कण तळाला बसतात. कारखान्यांत लोह अधिक दुप्पट मँगनीज अधिक तिप्पट क्रोमिअम असा गाळाचा आकडा काढतात. तो जितका मोठा, तितक्या जास्त तापमानालाच गाळ बसायला लागतो. वरच्या आणि तळाच्या नमुन्यांचे आकडे जुळत नाहीत ते यामुळे. लॅबला शिव्या घालण्याआधी मुशीत तापमान किती होतं ते पाहा.

पळीतून साच्यात ओतणं एका दमात, थांबून नाही. साचा ओला नको, फार तापलेलाही नको. रस त्यात झटपट गोठला तर रचना बारीक येते आणि स्पेक्ट्रोचं वाचन स्थिर राहतं. नमुन्याची पळी आणि मैलाचा झारा कायम वेगळे ठेवा. मैलाच्या झाऱ्यावरचा क्षार नमुन्यात आला की सोडिअमचा आकडा खोटा येतो, आणि सोडिअमने सिलिकॉन सुधारणारे लोक त्या आकड्यावर निर्णय घेतात.

बिडाच्या आणि पितळेच्या भट्ट्यांबद्दल थोडक्यात. कोरडं, तापलेलं, पोचारा दिलेलं अवजार हा नियम तिथेही तोच. बिडाचा स्पेक्ट्रो नमुना साच्यात झटकन गोठून आतून पांढरा यायला हवा. तुकडा तोडल्यावर करडा दिसला तर कार्बनच्या आकड्यावर विसंबू नका. एकटं जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणून पितळेचा रस जास्त वेळ तापत राहिल्यावर घेतलेल्या नमुन्यात जस्त कमी दिसेल आणि ते खरंच कमी झालेलं असेल.

पाचवी: लोह वाढतंय, तर वजनकाटा आणा

एलएम-६ या अॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूत लोहाची मर्यादा ०.६ टक्के आहे, एलएम-२५ मध्ये ०.५. त्याच्या वर सिलिकॉनबरोबर लोहाच्या सुईसारख्या कडा असलेल्या पातळ चकत्या तयार होतात आणि कास्टिंग ठिसूळ होतं. ते दिसत नाही, गिऱ्हाइकाकडे तुटल्यावर कळतं.

हिशेब करून बघा. मुशीत १५० किलो रस आहे आणि लोह ०.१ टक्क्याने वाढलं, तर १५० ग्रॅम लोखंड कुठून तरी रसात गेलं आहे. झारा, पळी, ढवळण्याची सळई, डीगॅसिंगची (रसातला वायू काढायची) नळी, तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचं आवरण, या सगळ्यांचं वजन कोरडं आणि स्वच्छ असताना महिन्याच्या सुरुवातीला लिहून ठेवा, शेवटी पुन्हा करा. अवजारं रसाच्या पातळीच्या रेषेवर सगळ्यात जास्त खाल्ली जातात, तिथे बोट फिरवलं तरी खाच लागते. वजनं हललेली नसतील तर लोखंड भंगारातून येतंय. इंजिनाच्या भागांतले बोल्ट, स्क्रू, बुश. भंगार फोडल्यावर त्यावर चुंबक फिरवा. दारुखान्याच्या भंगार बाजाराकडून येणाऱ्या मिश्र मालात तर नक्कीच.

सहावी: अवजारच बदलायचं का

दांडा पोकळ पाइपचा असेल आणि दोन्ही टोकं बंद असतील, तर तो आज टाकून द्या. आत अडकलेल्या ओलीची वाफ होते आणि पाइप फुटतो. बाहेरून कितीही तापवला तरी आतला भाग कोरडा झाला की नाही हे कळायला मार्ग नाही. भरीव सळई जड वाटते, हात दुखतो, हे मान्य आहे. दांडा लांब ठेवा आणि मुशीच्या कडेवर टेकवून काम करा.

जोडाचं वेल्डिंग चिरलेलं असेल तर त्या चिरेत क्षार आणि पाणी बसतं. वरून पुन्हा वेल्ड मारून चीर झाकू नका. ती पूर्ण घासून उघडी करा, मग भरा. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा कधीच वापरू नका. जस्त रसात जातं आणि त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो.

भोकं झिजून मोठी झालेला झारा मैलाबरोबर चांगला रसही सोडतो, बुजलेला झारा चांगला रस मैलाबरोबर उचलतो. मैल जड येत असेल तर झारा मुशीच्या भिंतीला टेकवून जरा वेळ निथळू द्या. घाईने ओढून काढलेल्या मैलात तुमचंच अॅल्युमिनिअम जातं, आणि ते तुम्ही कवडीमोलाने विकता.

सातवी: रसातच वायू असेल तर

इथून पुढे खर्च आहे. नायट्रोजन किंवा आर्गॉनने, फिरत्या रोटरच्या डीगॅसरने वायू काढावा लागतो. त्याचा परिणाम मोजायला कमी दाबाची चाचणी लागते: एक नमुना उघड्यावर, एक निर्वातात गोठवायचा आणि दोघांच्या घनतेतला फरक उघड्यावरच्या घनतेच्या टक्क्यांत काढायचा. हे उपकरण छोट्या गाळ्यात परवडत नसेल तर चाचणी करून देणारी लॅब शोधा. डीगॅसर विकत घेण्याआधी ही चाचणी करून घ्या. अवजारं ओली ठेवून डीगॅसर लावणं म्हणजे पैसे जाळणं आहे.

कुठे थांबायचं

तापवलेल्या, पोचारा दिलेल्या, भरीव दांड्याच्या अवजारानेही रस उडत असेल तर पुढचा प्रयोग करू नका. ओल दुसरीकडून येते आहे: भट्टीच्या अस्तरातून, छतातून, मालातून. मुशीला चीर दिसली, रसाची पातळी कारणाशिवाय खाली गेली, किंवा भट्टीच्या तळातून वेगळ्या रंगाचा धूर आला, तर बर्नर बंद करा, माणसं बाहेर काढा आणि भट्टी बनवणाऱ्याला बोलवा. इंडक्शन भट्टीच्या कॉइलमधून पाणी फिरतं. तिचा गळतीचा अलार्म वाजला तर तो बंद करून काम चालू ठेवायचं नाही. त्यावर काम करणारा तंत्रज्ञच हवा, ओळखीचा इलेक्ट्रिशियन नको.

सांडलेल्या किंवा पेटलेल्या रसावर पाणी टाकायचं नाही. कोरडी वाळू टाका. अग्निशमन दलाला १०१ वर फोन केल्या केल्या "वितळलेला धातू आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा.

भाजलं तर भाग २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका. कातडीला चिकटलेला धातू किंवा कापड ओढून काढू नका. नायलॉनचा शर्ट कातडीत वितळतो, म्हणून भट्टीवर सुती किंवा चामडं, तोंडावर शील्ड आणि लेस नसलेले बूट. डोळ्यात गेलं असेल, चेहरा किंवा हाताचा पंजा भाजला असेल, तर थेट भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयात न्या. ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर त्यासाठीच आहे. रुग्णवाहिका १०८.

तज्ज्ञाला बोलावताना ते अवजार आणि खराब नमुना धुऊन ठेवू नका, आहे तसाच कापडात गुंडाळून ठेवा. कुठल्या वेळी उडालं, रसाचं तापमान किती होतं, कोणता फ्लक्स किती वेळापूर्वी टाकला होता आणि झारा शेवटचा कधी तापवला होता, एवढं कागदावर लिहून द्या.